संत्रं कोण धरेल?

रविवार, पौष महिना. अल्लीपूर. तुझी तेरवी.

हजर : तुझा भाऊ रमेशदादा, वहिनी, गावातले सोयरे. आपल्या हॉस्पिटलमधून डॉक्टर सायली, वॉर्डातले गणपतभाऊ, सकाळपाळीच्या दोघी सिस्टर आणि मी. ड्यूटीवर : बाकी सगळ्या, कारण कॅज्युअल्टीला कुलूप लावता येत नाही. गैरहजर : हिंगणघाटची सुनीता.

आणि तू. तुझं नाव कुठल्या रकान्यात घालायचं ते मला ठरवता आलेलं नाही, म्हणून सध्या समासात ठेवलं आहे.

मंगला, पाळी बदलताना मी हजेरी घ्यायचे आणि तू दर वेळी सगळ्यांत शेवटी, ॲप्रनची गाठ मारत येऊन म्हणायचीस, "यादीबाई, माह्या तेरवीलेही हजेरी घेजो वं. कोन कोन आलं नाई थे मले सांगजो." आम्ही सगळ्या हसायचो. आज पंगत बसली तेव्हा माझा हात आपोआप पर्समधल्या पेनाकडे गेला. तर घे, घेतली. सुनीता आली नाही. का आली नाही ते पुढे येईलच. क्रमाने सांगितलं नाही तर मला सांगताच येत नाही, हे तुला माहीत आहे.

आधी फोटोचं. रमेशदादाने माझ्याकडे फोटो मागितला, मी ओळखपत्रावरचा दिला. त्यात तू ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला झापून थेट कॅमेऱ्यासमोर येऊन बसली आहेस, आणि मोठा करून हार घातला तरी तो राग काही गेलेला नाही. वहिनी म्हणाल्या, "हासता फोटो नोता का वं एखादा?" होता. ओट्यावरचा, कोपरापर्यंत साबणाचा फेस आणि तोंड उघडं टाकून हसणारी तू. तो मी दिला नाही. तो माझ्याकडे राहू दे.

त्या ओट्यावरच आपला तो वाद जन्माला आला. कॅज्युअल्टीच्या दाराला लागून असलेला, नळ बसवलेला तो सिमेंटचा ओटा. कपाशीच्या पराटीवर कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली की दिवसाआड कोणीतरी तिथे आणला जायचा. आधी कपडे काढायचे, मग साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ, मग आत. शेतातून उचलून आणलेला बेशुद्ध माणूस, अंगाला औषधाचा वास आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. याचा आपल्या भागात एकच अर्थ होतो, फवारणीची विषबाधा. दुसरा अर्थ असू शकतो हे आपण कधी मनातही आणत नव्हतो. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर मी लावलेल्या यादीतही पहिली ओळ तीच होती.

प्रवीण असाच आला. भर दुपारी, छोटा हत्ती टेम्पोच्या मागच्या फळीवर, पंपाच्या पट्ट्यांचे वळ खांद्यांवर घेऊन. गळका पंप असावा, पाठ सगळी औषधाने माखलेली. गणपतभाऊंनी सदरा कापला, तू नळ सोडलास, मी फवारणीच्या विषावरचं ॲट्रोपिन भरून उभी. सगळं माझ्या यादीप्रमाणे बिनचूक चाललं होतं. फक्त यादी दुसऱ्याच दुखण्याची होती.

तू हात थांबवलास.

"कुमुद, हा कोरडा हाये वं."

"कोरडा कसा? भिजलाय पूर्ण."

"थे नळाचं पानी हाये. तोंडात लाळ नाई, आंगाले घाम नाई. असा मानूस या ओट्यावर मी कधी पाह्यला नाई."

त्याचा अर्थ काय ते तुला माहीत नव्हतं, आणि मलाही. डॉक्टर सायलीला माहीत होता. तेव्हा ती नवीनच रुजू झाली होती. ती खाली वाकून त्याच्या छातीकडे नुसती बघत राहिली, आणि छाती काही वर येईना. मग माझा हात धरून म्हणाली, "ॲट्रोपिन थांबवा. हे फवारणीचं नाही. याने अफूच्या वंशातलं काहीतरी घेतलंय, गोळ्या असतील. त्यावरचा उतारा, नॅलॉक्सोन, कुठे आहे?"

कॅज्युअल्टीत नव्हतं. वर ऑपरेशन थिएटरमध्ये, भुलीच्या औषधांच्या कपाटात होतं. मी जिन्याने धावले. आपल्या वयाला ते शोभत नाही, असं तू नंतर म्हणालीस. परत आले तेव्हा तू ओट्यावरच गुडघे टेकून, ओल्या हातांनी त्याच्या तोंडावर मास्क दाबून फुगा पंप करत होतीस आणि त्याच्याशी बोलत होतीस. "घे ना बाप्पा एक. एक तं घे. फुकटचा हाये."

इंजेक्शन गेलं. थोड्या वेळाने त्याने स्वतःहून एक मोठा श्वास ओढला, मग दुसरा, मग डोळे उघडले, ओकला, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तुला शिवी दिली.

"माहे कपडे कोनं काढले?"

"तुह्या सासूनं," तू म्हणालीस. "आयकून घे, श्वास घे आधी. कपडे मंग नेसजो."

तेवढ्यात सुनीता पोचली. शेतातून धावत रस्त्यावर आलेली, पायात एकच चप्पल. तिला कोणीतरी सांगितलं होतं की तिच्या नवऱ्याने फवारणीचं औषध प्यायलं. ती त्याच्या अंगावर पडून त्याला मारतच सुटली. "काऊन पेले हो तुमी? मले कोनावर टाकून चालले होते?" डॉक्टर सायलीने तिला बाजूला घेऊन समजावलं की त्याने फवारणीचं औषध प्यायलेलं नाही. जिनिंगच्या कारखान्यात कापसाची गाठ पाठीवर पडल्यापासून तो ज्या दुखण्याच्या गोळ्या खातो, त्याच आज पंप उचलवेना म्हणून जास्त खाल्ल्या. सुनीता ओट्याच्या कडेला बसली. मग तुला विचारलं, "म्हंजे हे मरायले नोते गेले?"

"नाई वं माय. फवाराले गेलता."

ती जे रडली, तसं आनंदाने रडताना मी कोणाला पाहिलेलं नाही. तू साबणाचे हात धुतले नाहीस, तसेच तिच्या पाठीवर ठेवलेस. हसता फोटो त्यानंतरचा आहे. गणपतभाऊंनी काढला.

त्या दिवसापासून आपल्या तातडीच्या ट्रेमध्ये ॲट्रोपिनच्या शेजारी नॅलॉक्सोन आलं. भिंतीवरच्या यादीत मी एक ओळ वाढवली : 'ओला की कोरडा, आधी पाहणे.' तू ती मोठ्याने वाचलीस आणि म्हणालीस, "माह्यं नाव नाई लिहिलं?" मी म्हटलं, यादीत नावं नसतात. पुढे ते औषध बऱ्याच जणांना लागलं. वेळ चुकवून दोनदा गोळ्या घेतलेले कॅन्सरचे एक आजोबा आठवतात तुला? उठल्यावर त्यांनी आधी चहा मागितला होता.

प्रवीण पुन्हा आला. या वेळी सुनीता एकटीच त्याला ऑटोत घालून घेऊन आली. हायवेवर ट्रकांची रांग अडकलेली, ऑटो पुढे सरकेना, आणि तो निळा पडत चाललेला. मागच्या खेपेला तू तिला तोंडाने श्वास द्यायला शिकवलं होतंस, तोच ती रस्ताभर देत आली. तो वाचला. पण ऑटोतून उतरताना तिचे ओठ सुजलेले होते आणि तिला धड उभं राहता येत नव्हतं. तू तिला धरून आत आणलंस.

संध्याकाळी क्वार्टरवर भिंत वाजली. तुझं लाटणं आणि आपल्या दोघींच्या स्वयंपाकघरांमधली ती एका विटेची भिंत. एक ठोका म्हणजे चहा झाला. मी आले तर तू चहा गाळायच्या आधीच सुरू झालीस.

"तिच्या घरी हे सुई असती तं?"

"घरी? गोळ्यांची सवय लागलेल्या माणसाच्या घरी तू सिरिंज ठेवणार?"

"सुई नशेची नाई, नशा उतरवाची हाये."

"सिरिंज ती सिरिंज."

"मंग साखरेच्या पेशंटले देतोच ना आपन? तुह्या आईनं जन्मभर पोटाले टोचून घेतल्या, तवा कोनतं आभाळ कोसळलं?"

"ते वेगळं. मंगला, याचा असर लवकर उतरतो. तो उठेल, भांडेल, बाहेर निघून जाईल. तिला वाटेल, झालं, बरा झाला. आणि पुन्हा झोपेल तो. इथे आपण असतो उशाशी. तिथे कोण आहे?"

"थे हाये ना. आपल्याहून जास्त दिवस बसली हाये थे त्याच्या उशाशी."

मी म्हटलं, नियमात नाही. तू लाटणं उचलून भिंतीवर धाडदिशी मारलंस. पलीकडे माझ्या फळीवरचे डबे हादरले. तो ठोका आपल्या ठरलेल्या ठोक्यांत नव्हता, पण अर्थ कळला. चहा मी तसाच पिऊन आले.

पुढच्या रविवारी तू मला न विचारता सुनीताला बोलावलंस. तुझ्या क्वार्टरच्या पायऱ्यांवर तुम्ही दोघी, मध्ये संत्र्यांची टोपली. आपण दोघींनीही ट्रेनिंगमध्ये संत्र्यावरच पहिली सुई टोचली होती, आणि तू तुझ्या तळहातावर संत्रं ठेवून हात तिच्यापुढे केलास.

"हे प्रवीनची मांडी समज. घाबरू नको, हे बोंबलत नाई."

ती हसली. आपण तिला हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं ना?

"लाजून टोचशील तं वाकडी जाईन. सरळ. जोरानं. हां, अशी. आता आयक. गोळीनं तो झोपते आन श्वास घ्याचं भुलते. हे सुई त्याले हालवून उठवते. पन सुई लवकर थकते, गोळी थकत नाई. म्हून तो उठला म्हंजे बरा झाला, असं समजाचं नाई. सुई द्याची आन गाडीत घालून इकडं आनाचाच. शिव्या देईन, देऊ द्याच्या. काय सांगतलं मी?"

सुनीताने सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझा मुद्दा तू तुझ्या तोंडाने, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत तिला शिकवलास, आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी यात सामील नाही, फक्त चहा देते आहे, असं मी म्हटलं. "हाव, दे," म्हणालीस.

मग अडलं ते काचेपाशी. टोचायला ती शिकली, पण औषधाच्या काचेच्या कुपीची, ॲम्प्यूलची, मान मोडायला तिचा हात धजेना. मोडली तेव्हा अंगठ्यात काच गेली. रक्त पाहून ती पांढरी पडली. तू तिचा अंगठा तुझ्या पदरात गुंडाळून म्हणालीस, "राहू दे आज. पुढच्या आयतवारी येजो, फोडाचं तेवढं राह्यलं." ती गेल्यावर ती पाणी भरलेली संत्री तू सोलून मला खायला लावलीस. चव लागत नव्हती. तू म्हणालीस, "यादीत लिहून घे, पानीचट."

पुढच्या रविवारी तू तपासण्यांसाठी नागपुरात होतीस.

तुझ्या पोटातल्या गाठीबद्दल इथे लिहीत नाही. त्याची सगळी कागदपत्रं फाईलमध्ये तारखेवार लावलेली आहेत आणि ती फाईल मला उघडावीशी वाटत नाही. तू मात्र त्यातही आपलं काम पुढे रेटलंस. वैद्यकीय अधीक्षक म्हणाले की घरी औषध द्यायचं तर लेखी कार्यपद्धत द्या, मग बघू. तू माझ्याकडे आलीस, डोळे तोवर पिवळे झालेले. "तू लिही. तुह्या लिहिल्याले कोनी नाई म्हनत नाई." मी लिहिलं. लिहिणं म्हणजे कबूल करणं नव्हे, असं तुला बजावूनही सांगितलं. कोणाला द्यायचं, काय समजावायचं, नातेवाइकाने काय करून दाखवल्याशिवाय द्यायचं नाही, परत कधी बोलवायचं. 'शिकवणारी परिचारिका' या ओळीपुढे तू माझ्या हातातून पेन घेऊन तुझ्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतःचं नाव घातलंस. "यादीत नावं नसतात म्हनते. पाह्य, असते."

मग तुला दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या कुठल्या वंशातल्या हे आपल्या दोघींना माहीत होतं, आणि आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. घड्याळाप्रमाणे गोळी देणं माझ्याकडे होतं. डॉक्टर सायलीने कुठल्याही नातेवाइकाला समजवावं तसं मला समजावलं की इतक्या दुखण्यात ठरलेली मात्रा नीट दिली तर भिण्याचं कारण नाही. मला ते पटलं. पटल्यावर मी तिला म्हटलं, तरी मला एक नॅलॉक्सोन लिहून द्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता लिहून दिलं. मी ते बाहेरच्या दुकानातून घेतलं, सिरिंजसकट जुन्या चष्म्याच्या डबीत घातलं, आणि डबी पर्समध्ये. कोणाला सांगितलं नाही.

रमेशदादा तुला अल्लीपूरला घेऊन आला तेव्हा मी रजा टाकून तुझ्याबरोबर आले. दुपारची वेळ होती. घरची माणसं कापूस वेचायला गेलेली, वहिनी मागे भांडी घासत होत्या. तू डोळे मिटूनच बोललीस.

"कुमुद, त्या डबीत काय हाये?"

"चष्मा."

"चष्मा तं तुह्या नाकावर हाये."

भांड्यांचा आवाज येत होता.

"इंजेक्शन हाये ना? रोज हात लावून पाह्यतेस, आंधळी समजली का मले?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय," मी म्हटलं. "बिल आहे माझ्याकडे."

तू हसलीस. हसल्याने दुखलं, तरी हसलीस. "म्हंजे घरी नेता येते तं."

इतकी वर्षं तू माझ्याशी भांडलीस, आणि जिंकलीस तेव्हा तुला उशीवरून मान उचलता येत नव्हती. थोड्या वेळाने तू म्हणालीस, "मले नाई द्याचं हं थे. मी दुखनं घेऊनच उठीन. त्यापेक्षा झोपू देजो." आणि मग, झोप लागता लागता, "सुनीताले दे. फोडाचं राह्यलं तिचं."

मी म्हटलं, "बघू."

हा शब्द मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंत्राटदाराला वापरते. तुझं बरोबर होतं, एवढं म्हणायला तुझ्यासमोर पुष्कळ दुपारी पडल्या होत्या. तू विचारलं नाहीस, मी म्हटलं नाही. माझा एक मुद्दा मात्र अजूनही उभा आहे, हे तुला सांगून ठेवते. तो उठला आणि सुनीताने त्याला इकडे आणलं नाही, तर काय? त्याचं उत्तर तुझ्याकडे असणार. मी ते ऐकायची राहिले.

तू गेलीस तीही दुपारच होती. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मी तुझ्या मनगटावर बोटं ठेवून होते आणि दुसरा हात पर्सवर. डॉक्टर सायलीला फोन केला. तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "सिस्टर, हे गोळ्यांचं नाही. हे आजाराचं आहे. राहू द्या." मला ते माहीत होतं, तरी हात पर्सच्या चेनवरून निघेना. मग तुझ्या कपाळाकडे लक्ष गेलं. नागपूरहून आल्यापासून तिथे जी एक आठी होती, ती नव्हती. तेव्हा मी हात काढला आणि दोन्ही हातांनी तुझा हात धरला. वहिनींना हाक मारली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. तुझ्या क्वार्टरमधलं सामान यादी करून रमेशदादाच्या ताब्यात दिलं. लाटणं दिलं नाही, आणि यादीतही घातलं नाही. चावी परत केली. सकाळी पातेल्यात पाणी दोन कपांचंच पडतं. उरलेला चहा मी दुपारी गार पिते, वाया कशाला घालवायचा. मुलगी हैदराबादहून फोन करते, विचारते, जेवलीस का, मी म्हणते हो. ते खरंच असतं. एका संध्याकाळी भिंत वाजली. एक ठोका. मी गॅस बंद केला, साडी नीट केली, दार उघडून बाहेरसुद्धा आले. तुझ्याकडे रंगारी काम करत होते, शिडी टेकवताना भिंतीला लागली. त्यातला एक जण म्हणाला, "काई पाह्यजे का बाई?" मी म्हटलं, नाही, आवाज आला म्हणून आले. ड्यूटीवर माझ्याभोवती सतत माणसं असतात. पण मला यादीबाई म्हणणारं कोणी नाही. सगळ्या जणी इन्चार्ज सिस्टर म्हणतात आणि सांगितलेलं निमूटपणे ऐकतात.

आता सुनीता. तू गेल्याचं कळल्यावर तिने मला फोन केला होता, तेरवीला येते म्हणाली होती. आज पंगत उठेपर्यंत मी रस्त्याकडे बघत होते. तिचा फोन लागत नव्हता, आणि माझ्या डोक्यात जे यायचं ते येऊन गेलं. निघायच्या वेळी तिचाच फोन आला.

"सिस्टर, निघता नाई आलं जी. हे सकाळपासून झोपूनच हायेत."

"श्वास कसा आहे? मोजलास?"

"चांगला हाये. हालवलं तं बोलते. पन मले सोडून याची हिंमत नाई झाली." मग म्हणाली, "मंगलाताई म्हनल्या होत्या, फोडाचं तेवढं शिकवीन म्हून. आता कोन शिकवीन जी?"

तोंडावर 'बघू' आलं होतं. मी ते गिळलं. तिला सांगितलं, तो हलवूनही उठला नाही किंवा श्वास मंद झाला तर कोणाची वाट न बघता ॲम्ब्युलन्सला फोन कर आणि तुला येतो तसा तोंडाने श्वास देत राहा. मी येते, असंही म्हटलं. कधी, ते म्हटलं नाही.

परतताना गाडीत डॉक्टर सायली शेजारी होती. अल्लीपूर मागे पडल्यावर म्हणाली, "सिस्टर, अधीक्षकांची सही झालीय. फक्त शिकवणाऱ्या परिचारिकेचं नाव बदलून द्या म्हणालेत. मंगला सिस्टरच्या जागी तुमचं लिहा, उद्यापासून सुरू करू." मी बरं म्हटलं.

आता घरी आले आहे. टेबलावर तो कागद आहे. वहिनींनी बळेच दिलेली संत्र्यांची पिशवी आहे. सरावासाठी नुसत्या पाण्याच्या ॲम्प्यूल आणल्या आहेत, आणि काच हाताला लागू नये म्हणून मान मोडताना गुंडाळायला गॉजचे तुकडे कापून ठेवले आहेत. चष्म्याची डबी आहे. मला फोडता येतं, टोचता येतं, समजावताही येईल, तुझी वाक्यं मला पाठ आहेत. पण ती टोचेल तेव्हा समोर तळहातावर संत्रं धरून बसायचं, तिची भीती जाईपर्यंत हात हलू द्यायचा नाही आणि मधेच तिला हसवायचं, हे मी कधी केलेलं नाही. ते सगळं तुझ्याकडे होतं. आणि ती डबी तिला दिली की माझ्या पर्समध्ये चाचपायला काही उरणार नाही, हेही आहे.

कागदावर तुझं नाव अजून तसंच आहे. पेनचं टोपण काढून ठेवलं आहे.

सुनीताला ॲम्प्यूल फोडायला शिकवणे : बाकी.